कॉलनीच्या ओपन स्पेसची बाग करायचीय? आधी भांडणं कागदावर मांडा

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, कुठल्याही नव्या कॉलनीत जा, मधोमध किंवा कोपऱ्यात एक ओपन स्पेस असतोच. निम्म्यात काटेरी बाभळी, एका बाजूला कोणाच्या तरी बांधकामाची उरलेली रेती, मध्ये पोरांनी घासून काढलेलं पिच. कधीतरी नगरसेवक म्हणतो की इथे गार्डन करू, सगळे खूश होतात, सहा महिन्यांनी चार हिरव्या-पिवळ्या घसरगुंड्या, ओपन जिमची मशिनं आणि लॉनचे तुकडे येतात, आणि पुढच्या मे महिन्यात लॉन जळून गवताची चटई होते. मग म्हणायचं लोकांना किंमत नाही.

माझं मत थोडं वेगळंय. लोकांना किंमत असते, पण प्रत्येकाला त्या जागेकडून वेगळंच काहीतरी हवं असतं आणि ते कोणी विचारलेलंच नसतं. आणि आपल्याकडे भांडण जागेचं कमी असतं, सावलीचं आणि संध्याकाळच्या दोन-तीन तासांचं जास्त असतं. पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी अकरा ते पाच बाग असून नसल्यासारखी. म्हणजे सगळ्या कॉलनीला तीच ती सकाळ आणि तीच ती संध्याकाळ पाहिजे. म्हणून डिझाइन म्हणजे झाडांची यादी नाही, कोण कधी कुठे बसणार हे ठरवणं. ते कसं करायचं ते क्रमाने लिहितोय, जरा लांबलंय.

पायरी १ : जागा कोणाची ते आधी बघा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि हेच लोक सोडून देतात. मंजूर लेआउटची नक्कल काढा, नगररचना विभागात मिळते, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. सोबत सातबारा किंवा सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढा. जुन्या बिनशेती लेआउटमध्ये बऱ्याचदा ओपन स्पेस अजून मूळ मालकाच्याच नावावर असतो, आणि वीस वर्षांनी त्याचा नातू येऊन तारेचं कंपाउंड मारतो. तुमच्या गेटचं भूमिपूजन व्हायच्या आधी ही भानगड मिटलेली बरी.

दोन प्रकारच्या जागा असतात आणि त्यांची गल्लत करू नका. एक म्हणजे लेआउटमधला ओपन स्पेस, राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा लेआउट असेल तर १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. दुसरी म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात बगीचा म्हणून आरक्षित केलेली जागा. ही दुसरी जास्त धोक्यात असते, कारण आरक्षण बदलता येतं (नगररचना कायदा १९६६, कलम ३७), आणि दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊन आरक्षण घालवायला बघतो. कलम ३७ चा बदल करताना जाहिरात देऊन हरकती मागवाव्या लागतात, त्या एक महिन्याच्या आत द्यायच्या असतात. ती जाहिरात पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, तेव्हा कॉलनीतल्या एखाद्या रिटायर्ड माणसाला रोज जाहिराती वाचायचं काम देऊन टाका, ते आवडीने करतात.

ओपन स्पेसवर बांधकाम करायची सगळ्यांना हौस असते. व्यायामशाळा, अभ्यासिका, समाजमंदिर, पाण्याची टाकी. नियमावलीत काही प्रकारच्या बांधकामाला मर्यादेत परवानगी आहे, पण मर्यादेतच, ती तुमच्या जागेला किती लागू होते हे नगररचना विभागाकडून लेखी घ्या. तोंडी 'चालतं हो' याला काही अर्थ नाही. कोणी म्हणालं की बागेच्या जागेवर दवाखाना झाला तर काय वाईट, तर त्याला १९९१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगा. बंगळुरूच्या राजमहल विलास भागात बगीच्यासाठी ठेवलेली जागा एका ट्रस्टला हॉस्पिटलसाठी देऊन टाकली होती, रहिवासी कोर्टात गेले आणि जिंकले. कोर्टाचं म्हणणं असं की मोकळी जागा ही शहराची चैन नाही, लोकांच्या तब्येतीची गरज आहे, आणि ती कोणाच्या तरी मर्जीने वाटून टाकता येत नाही.

मंदिराचा विषय नाजूक. पण तो टाळून चालत नाही, कारण आपल्याकडे ओपन स्पेसचं पहिलं बांधकाम बहुतेक वेळा ओटा आणि त्यावर मूर्ती हेच असतं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की रस्ते, बगीचे, सार्वजनिक जागा यांवर कुठल्याही धर्माचं विनापरवाना प्रार्थनास्थळ नव्याने होऊ द्यायचं नाही. हे भांडून सांगू नका. जे आधीपासून आहे ते आहे, त्याच्याभोवती डिझाइन करा, मंदिराच्या पारावर बसायला येणाऱ्या आज्या हाच बागेचा सगळ्यात भरवशाचा पहारा असतो. नव्याने होतंय तिथे मात्र आधीच कागद दाखवा, मूर्ती बसल्यावर कोणीच काही बोलू शकत नाही.

पायरी २ : काही न करता बघत बसा

नकाशा काढायच्या आधी जागेवर जाऊन बसा. सकाळी सहाला, दुपारी दीडला, संध्याकाळी सहाला, रात्री साडेनऊला. एक साधा दिवस, एक रविवार आणि तुमच्याकडे आठवडे बाजार भरत असेल तर तो दिवस. वहीत लिहा की कोण होतं, किती होते, काय करत होते, कुठे बसले होते आणि सावली कुठे होती.

दुपारचा दीड कोणी बघत नाही म्हणून तो जास्त महत्त्वाचा. तेव्हा तिथे हातगाडीवाला झोपलेला असतो, बांधकामावरचे मजूर डबा खात असतात, एमपीएससीची तयारी करणारी पोरं रूमवरच्या पत्र्याखाली भाजण्यापेक्षा निंबाखाली पुस्तक घेऊन बसलेली असतात. गार्डन झाल्यावर पहिलं काय होतं, तर गेटला दुपारी कुलूप लागतं. का, तर 'भलते लोक येतात'. भलते म्हणजे हेच. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क जगभर नावाजलं जातं, पण त्यासाठी १८५७ मध्ये सेनेका व्हिलेज नावाची वस्ती उठवली, तिथे साधारण सव्वादोनशे लोक राहायचे, बहुतेक काळे. म्हणजे बाग करताना कोणाला तरी उठवायचं हा प्रकार नवा नाही. आपल्याकडे पाल टाकून राहणारी घिसाडी कुटुंबं असतील, चहाची टपरी असेल, त्यांचंही नाव वहीत आलं पाहिजे. चहावाल्याला हाकलण्यापेक्षा गेटच्या बाहेर एक कोपरा आखून दिला तर बागेला फुकटात नजर मिळते, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत.

आणि सावलीचा नकाशा काढा. हे सोपं आहे. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सावली झाडाच्या किंवा इमारतीच्या उंचीच्या साधारण दुप्पट लांब पडते, पूर्वेकडे. म्हणजे सहा मीटर उंच झाड असेल तर त्याच्या पूर्वेला बारा मीटरपर्यंत संध्याकाळी बसता येतं. पश्चिमेला जर कोणाची दुमजली बिल्डिंग असेल तर त्याच्या लगतचा पट्टा हा तुमच्या बागेतला सगळ्यात भारी प्लॉट आहे, तिथे जनरेटर रूम किंवा टॉयलेट टाकू नका. मी असं होताना पाहिलंय, एका ठिकाणी सगळी बाकडी उन्हात आणि पंपाची खोली सावलीत.

पायरी ३ : जे येत नाहीत त्यांना विचारा

मीटिंग बोलावली की कोण येतं? पुरुष, पन्नाशीच्या पुढचे, रात्री साडेआठला, आणि त्यातही तिघेच बोलतात. त्यांना हवा असतो वॉकिंग ट्रॅक. मग तोच होतो. त्यामुळे एक मोठी मीटिंग हा प्रकार मी तरी सगळ्यात शेवटी ठेवतो, आधी लोक जिथे जमतात तिथे जायचं. बायकांच्या भिशीत जा (किंवा घरातल्या कोणाला पाठवा, तुम्ही गेलात तर त्या बोलणार नाहीत). पोरांना पिचवर गाठा. धुणीभांडी करणाऱ्या मावशी कॉलनीत रोज येतात, दोन कामांच्या मध्ये त्यांचा तासभर मोकळा असतो, तो त्या कुठे घालवतात ते विचारा. 'तुम्हाला बागेत काय पाहिजे' असं मात्र विचारू नका, त्याचं उत्तर कारंजं असंच येतं. विचारा की घरातून किती वाजता निघता येतं, किती वेळ, सोबत कोण असतं, आणि आत्ता इथे का येत नाही.

मुलींचा मुद्दा वेगळा लिहितो. ऑस्ट्रियात व्हिएन्नामध्ये नव्वदच्या दशकात पाहणी झाली तेव्हा असं दिसलं की दहा वर्षांच्या आसपास मुली बागेत यायच्या बंद होतात, मुलं येत राहतात. कारण एकच मोठं मैदान, ते ज्यांचा दंगा जास्त ते ताब्यात घेणार. मग १९९९ च्या सुमारास तिथल्या दोन बागा बदलल्या. मोठ्या जागेचे छोटे भाग पाडले, आत जायचे रस्ते वाढवले, दिवे लावले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा केली, बसायला वेगवेगळे कोपरे दिले. मुली परत यायला लागल्या. आपल्या कॉलनीत हे बघायला व्हिएन्नाला जायची गरज नाही, संध्याकाळी पिचवर किती मुली आहेत मोजा. बॅडमिंटनच्या दोन खांबांना फारसा खर्च येत नाही, आणि संध्याकाळी त्या कोर्टावर मुली, त्यांच्या आया, सगळ्या दिसतात.

पायरी ४ : भांडणं मांडा

आता एक मोठा कागद घ्या, आडवे वेळेचे रकाने पाडा (पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र), उभे गट लिहा आणि वहीतलं सगळं त्यात भरा. कुठल्या चौकोनात गर्दी होते ते लगेच दिसतं. साधारण हीच भांडणं निघतात.

क्रिकेट आणि बाकी सगळे. हे पहिलं. माझा सरळ हिशोब असा की जागा दहा गुंठ्यांच्या आत असेल तर क्रिकेट विसरा आणि पोरांना जवळच्या शाळेचं मैदान संध्याकाळी उघडं करून द्यायची खटपट करा, ती खटपट बागेपेक्षा जास्त उपयोगी आहे. वीस गुंठ्यांच्या पुढे असेल तर एका लांब बाजूला जाळी लावून पट्टी द्या, टेनिस बॉल, अंडरआर्म, काय ते नियम पोरांनाच ठरवू द्या. 'क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई' असा बोर्ड लावला तर पोरं त्या बोर्डालाच स्टंप करतात.

चालणारे आणि लहान मुलं. ट्रॅक खेळण्याच्या मधून काढला की रोज धडका. ट्रॅक बाहेरून गोल, मुलं आतल्या बाजूला, आणि आजोबांची बाकडी या दोघांच्या मध्ये, म्हणजे त्यांना दोन्हीकडचं दिसतं.

पार्किंग. ज्यांनी घर बांधताना गाडीला जागा सोडली नाही त्यांना ओपन स्पेस हा आपला गॅरेज वाटतो. इथे समजूत घालण्यात वेळ घालवू नका, गेटला ९० सेंटिमीटर ते १ मीटरच्या अंतराने खांब रोवा, व्हीलचेअर आणि बाबागाडी जाते, चारचाकी जात नाही. टँकर आणि कचऱ्याच्या गाडीसाठी एक कुलूपबंद गेट वेगळं.

सणवार आणि लग्नं. खान्देशात हे धरल्याशिवाय डिझाइन होतच नाही. गणपती, नवरात्रातला गरबा, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी वाजतगाजत निघते, हिवाळ्यात भरीत पार्ट्या. भरीत पार्टी म्हणजे कपाशीच्या काड्यांचा जाळ, आणि तो जाळ लॉनवर पेटवला की तिथे दोन वर्षं काही उगवत नाही, दोष मात्र माळ्याला. त्यापेक्षा एका कोपऱ्यात विटांचा एक कट्टा करा, मध्ये खड्डा, शेजारी नळ, वाऱ्याची दिशा बघून. चुलीला जागा दिली की लोक चूल तिथेच पेटवतात. मांडवासाठी मध्ये एक मुरूम दाबलेला चौक मोकळा ठेवा, त्यात जमिनीत पाइपचे तुकडे पुरून ठेवा म्हणजे मांडववाला दरवेळी चौक खणणार नाही. लग्नाला द्यायचं की नाही हे कॉलनीने ठरवावं, मी नाही म्हणेन, कारण एकदा भाडं सुरू झालं की बाग हॉल होते आणि बागेचा हिशोब कोणाच्या तरी खिशात जातो.

पत्ते खेळणारे. हसू नका, हा गट दुपारी चार तास एका जागी बसतो आणि त्यांच्यामुळे बायका त्या बाजूला फिरकत नाहीत. त्यांना हाकलता येत नाही, मात्र त्यांची जागा मुख्य रस्त्याच्या तोंडाला, सगळ्यांच्या नजरेत आणि बायकांच्या वाटेपासून लांब ठेवता येते.

वाटप कसं करायचं याचा नमुना आपल्याकडेच आहे, पांझरा नदीवरची फड बागायत. साक्री भागात बंधाऱ्याचं पाणी शेकडो वर्षं लोकांनी स्वतः वाटून घेतलं, शेताचे फड म्हणजे भाग पाडले, पाळी ठरवली, पाणी सोडायला पाटकरी नेमला आणि पाणी कमी पडलं तर कोणा एकाचंच नाही, सगळ्यांचंच कमी केलं. बागेतही तेच करायचं, संध्याकाळी पाच ते साडेसहा चौक लहान मुलांचा, साडेसहा ते आठ मोठ्यांचा, सकाळी सातपर्यंत योगावाल्यांचा, आणि सणाला चौक घेतला तर सगळ्यांनीच त्या दिवशी सोडायचा. पाळी सांभाळणारा एक माणूस लागतो. समिती नाही, एक माणूस.

पायरी ५ : पाणी मोजा, मग हिरवळीचं बोला

नळाला दोन दिवसाआड, कुठे आठ दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात लॉन लावताना कोणाला काही वाटत नाही हे मला कळत नाही. हिशोब सरळ आहे. १ मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला १ लिटर. खान्देशातल्या मे महिन्यात लॉन हिरवी ठेवायला दिवसाला ६-७ मिलिमीटर तरी लागतं. म्हणजे ५०० चौरस मीटर लॉन, जी फोटोत अगदी छोटी दिसते, ती रोज ३,००० ते ३,५०० लिटर पिते. तेवढ्यात रोज २० लिटरने दीडशे रोपं जगतात, आणि रोपांना दोन-तीन वर्षांनी फारसं द्यावंही लागत नाही, लॉनला जन्मभर द्यावं लागतं. वर लॉनवर 'आत येऊ नये' असा बोर्ड. मग लावली कशाला?

लॉन हवीच असेल तर एक छोटा तुकडा, लोळायला, जिथे संध्याकाळची सावली येते तिथे. बाकी मुरूम, स्थानिक गवत, पावसाळ्यात हिरवं होईल उन्हाळ्यात पिवळं, त्यात काही बिघडत नाही.

पाणी कुठून आणायचं? बोअर असेल तर उन्हाळ्यात किती मिनिटं चालतो ते एप्रिल-मेमध्ये तपासा, ऑगस्टमधल्या टेस्टवर जाऊ नका. पावसाचं पाणी मुरवा. जळगावकडे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर १,००० चौरस मीटरच्या बागेवर सात लाख लिटर पडतं आणि बहुतेक गटारीत जातं, कारण बाग रस्त्यापेक्षा उंच भरून घेतलेली असते. उलटं करा, बाग रस्त्याच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेवा, उतार शोषखड्ड्याकडे द्या. शहरात सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प असेल तर तिथलं पाणी बागेला मागा. ठिबकबद्दल खान्देशातल्या माणसाला मी काय सांगणार, ज्या जळगावातून ठिबक सगळीकडे गेलं तिथल्या बागेत पाइप धरून माळी उभा असतो. फक्त एक, बागेत लॅटरल (ठिबकच्या बारीक नळ्या) उघड्यावर टाकू नका, पोरं ओढतात, जमिनीत चार बोटं खाली पुरा आणि व्हॉल्व्ह चेंबरमध्ये कुलूप लावून ठेवा.

पायरी ६ : झाडं

निंब, करंज, वड, पिंपळ, उंबर, चिंच, जांभूळ. एवढ्यावर निम्मी बाग भागते. निंबाला मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी फुटते आणि ऐन उन्हाळ्यात दाट सावली देतो, करंजाचंही तेच. बहावा लावा, जरूर लावा, पण बाकड्यावर सावलीसाठी नाही, फुलतो तेव्हा त्याच्यावर पानंच कमी असतात. पळस, कांचन, ताम्हण रंगासाठी. वड-पिंपळ कंपाउंडपासून आणि ड्रेनेजपासून लांब, नाहीतर दहा वर्षांनी तुमच्याच लोकांना ते तोडावे लागतील, आणि तोडायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज धरलं जातं, तेव्हा जागेवर जुनं झाड असेल तर नकाशा त्याच्याभोवती फिरवा.

कोनोकार्पस नको. झटपट वाढतो, हिरवागार दिसतो म्हणून कॉन्ट्रॅक्टर हाच आणतो. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये तो लावायला बंदी घातली, मुळांचा पाइपांना त्रास आणि परागकणांचा श्वासाला. गुलमोहर खेळण्याच्या जागेवर नको, वादळात फांद्या मोडतात.

आणि एक तरी झाड आखाजीच्या झोक्यासाठी राखून ठेवा. अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोका बांधायला कॉलनीत फांदीच नसते, मग गच्चीवरच्या लोखंडी हुकाला दोर. निंबाची आडवी फांदी मिळायला पंधरा-वीस वर्षं लागतात, तोपर्यंत जाड पाइपची कमान उभी करा, झोका खरा, मोठ्या बायका बसतील असा, बाजारातला दोन फुटी प्लॅस्टिकचा नाही.

काळी माती ही वेगळीच कटकट. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, त्यावर थेट पेव्हर टाकले की दोन पावसाळ्यांत ट्रॅकच्या लाटा होतात आणि म्हातारी माणसं ठेचकाळतात. ट्रॅकच्या खालची काळी माती दीड-दोन फूट काढा, मुरूम थराथराने टाकून रोलर फिरवा. झाडांना मात्र ती माती सोन्यासारखी, काढलेली माती तिकडे न्या.

पायरी ७ : फक्की मारून खरा नकाशा काढा

कागदावरचा नकाशा कोणालाच कळत नाही हे इंजिनीअर मान्य करत नाहीत. एका रविवारी संध्याकाळी फक्कीची (चुन्याच्या पांढऱ्या भुकटीची) गोणी घ्या आणि जागेवर खऱ्या मापात सगळं आखा. ट्रॅक, चौक, खेळणी, गेट. बाकड्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवा. मग लोकांना बोलवा, काही समजावून सांगू नका, फक्त बघा. एका ठिकाणी असंच आखलं होतं, एक आजोबा फक्कीवरून चालत आले, खुर्ची उचलली, पाच पावलं लांब निंबाखाली नेऊन ठेवली, बसले आणि म्हणाले, "आठे ठेवा ना भो, तठे कोण बठी उन्हमा?" (इथे ठेवा ना भाऊ, तिथे उन्हात कोण बसेल?) आठ बाकड्यांची जागा तिथल्या तिथे बदलली. महापालिकेच्या शिपायाने फक्की परत मारली आणि ड्रॉइंगवर पेनाने खुणा केल्या. तो पेनाचा कागदच पुढे खरा ठरला.

आखताना बघायच्या गोष्टी पटपट सांगतो. गेट दोन तरी हवीत, एकच गेट असलं की टवाळ पोरं तिथे बसली की बाकी सगळ्यांची वाट बंद. कंपाउंडची भिंत गुडघ्याएवढी, वर जाळी, आरपार दिसलं पाहिजे, सहा फुटी भिंत बांधली की आत बाटल्या सापडतात. ट्रॅकची रुंदी १.८ मीटर तरी, दोन व्हीलचेअर किंवा गप्पा मारत चालणाऱ्या दोघी आणि समोरून येणारा एक एवढं मावतं. रॅम्पचा उतार एकाला बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. बाकड्याची उंची ४५ सेंटिमीटर, पाठ टेकायला आणि हात टेकून उठायला दांडा, हे आजीआजोबांसाठी फार महत्त्वाचं आणि नेमकं तेच टेंडरमध्ये नसतं. लोखंडी घसरगुंडी मेमध्ये सहा वाजेपर्यंत तव्यासारखी तापते, फायबरची घ्या आणि तिच्या पश्चिमेला झाड. दिवे उंच खांबावर एक भलामोठा नको, कमी उंचीचे जास्त हवेत, झाडं वाढली की उंच दिव्याचा उजेड पानांवरच राहतो. आणि टॉयलेट. बायकांसाठी टॉयलेट नसेल तर त्या अर्ध्या तासाच्या वर थांबतच नाहीत, हे भिशीत गेलात की पहिल्या पाच मिनिटांत ऐकायला मिळतं. ते गेटजवळ ठेवा, मागच्या कोपऱ्यात नाही.

धुळ्याकडच्या लोकांनी हिवाळाही धरावा, डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ वर येतो, सकाळी सगळ्यांना ऊन हवं असतं. पूर्वेची बाजू मोकळी आणि दाट झाडं पश्चिमेला ठेवली की दोन्ही जमतं.

पायरी ८ : पैसा आणि टेंडर

नगरसेवकाचा निधी, आमदार निधी, जिल्हा नियोजन, केंद्राची शहरांसाठीची अमृत योजना, असे बरेच रस्ते आहेत. अमृत २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात बगीच्यांसाठी वेगळा भाग ठेवला होता आणि त्यात मुलांसाठीच्या सोयींवर भर होता, प्रस्ताव लिहिताना ते शब्द वापरा. कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठीच्या पैशातूनही होतं, जळगावात काव्यरत्नावली चौकाजवळचं भाऊंचे उद्यान उद्योगसमूहाच्या पुढाकारातूनच उभं राहिलंय, देखभाल काय असते ते बघायला एकदा जाऊन या. फक्त ज्याचा पैसा त्याचा हट्ट येतो. कमानीवर नाव, सेल्फी पॉइंट, कारंजं. कमान द्या, नाव द्या, मोठ्या अक्षरात द्या, आणि त्याच्या बदल्यात बोअर आणि टॉयलेट मागून घ्या. हा सौदा करायला लाजू नका.

एस्टिमेट तयार होतं तेव्हाच खरी बाग ठरते. तिथे 'शोभेची झाडे' असं मोघम लिहिलेलं असलं की वीतभर रोपं येतात. झाडाचं नाव, उंची (सहा फुटांच्या वर), खड्ड्याचं माप, मातीचा भराव, काठी, आणि तीन वर्षं जगवायची जबाबदारी, हे शब्द टेंडरमध्ये आलेच पाहिजेत. मेलेलं झाड बदलून दिल्याशिवाय अनामत परत नाही अशी अट टाका. ओपन जिमची बारा मशिनं असतील तर सहा करा आणि उरलेल्यात माळ्याचा पगार बसतो का बघा, अर्थात निधीचे हेड, म्हणजे खर्चाची खाती, वेगळे असतात म्हणून सरळ बसत नाही, पण प्रश्न विचारला की निदान देखभालीचं हेड कुठलं हे तरी कळतं.

पायरी ९ : पहिला उन्हाळा

लावणी जून-जुलैत, पहिला चांगला पाऊस झाल्यावर. मेमध्ये उद्घाटन करून लावलेली झाडं उद्घाटनाच्या फोटोपुरतीच. पहिल्या वर्षी सगळं पूर्ण करू नका, पेव्हर तर अजिबात नको, मुरुमावर लोक कुठून चालतात ते बघा. नकाशात वाट गोल फिरून असते आणि लोक दूधवाल्याकडे जायला तिरपे जातात, तर तीच तिरपी वाट पक्की करा, तिथे मेंदी लावून अडवू नका, मेंदी मरते.

गेटची किल्ली तिघांकडे ठेवा, त्यात एक बाई आणि एक तो चहावाला. पाण्याची पाळी, दिवे बंद पडल्याची तारीख, कोणी कशाची तक्रार केली, हे सगळं एका रजिस्टरमध्ये लिहीत जा, पुढच्या वर्षी निधी मागायला हेच कामी येतं. मार्चमध्ये वेळेचा तक्ता परत काढा, कारण हिवाळ्यात साडेपाचला येणारे उन्हाळ्यात सातला येतात आणि साडेसहाची पाळी कोणालाच परवडत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात कुठली झाडं गेली, कुठलं बाकडं सहा वाजताही उन्हात आहे, कुठे कोणी बसतच नाही, याची यादी करा आणि पाऊस पडायच्या आत ती बाकडी उचलून दुसरीकडे ठेवा. म्हणूनच बाकडी काँक्रीटमध्ये गाडायची घाई करू नका, नटबोल्टवर बसवा.